काट्या-चमच्याच्या जागी तुझं ताट

आई,

कशी आहेस? गुडघे अजून कुरकुरतात का? आण्णांचा खोकला थांबला, की तिकडेही चोरून विडी ओढतात? आत्याच्या डोळ्यांचं काय झालं? तिला भाकरी थापायला बसवू नकोस, तव्याची धग तिला सोसत नाही. आणि आपली काळी मांजर भेटली तर तिला सांग, मी अजूनही दुधावर पाटा ठेवते. मी बरी आहे. साखर जरा वर-खाली होते, पण चाललंय.

सांगायचं ते असं, की या वयात मी कॉलेजात जाते. हसू नकोस. सातवीत शाळा सुटली, पुढचं मी रद्दीतल्या पुस्तकांवर आणि मग नातीच्या मोबाइलवर शिकले. आता रविवारी कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा वर्ग असतो. पोरंपोरी मला काकू म्हणतात, आणि माझ्या धाकट्याच्या वयाचे सरही काकूच म्हणतात. या सॉफ्टवेअरची गंमत अशी, की रस्त्यांचा एक थर, इमारतींचा दुसरा, पाण्याच्या नळांचा तिसरा, असे थर एकावर एक ठेवायचे. नको असेल तो एका टिचकीत झाकायचा. लुगड्यांची चळत लावावी तसं.

सरांनी सांगितलं, प्रत्येकाने कुणाच्या तरी खऱ्या उपयोगाचा नकाशा करायचा. मी सरकारी दवाखाना घेतला. का, ते तुला सांगायला नको. आण्णांना तिथं ठेवलं होतं, आणि तू खानावळ शेजारणीवर सोपवून पहिल्यांदाच एकटी डबा घेऊन गेली होतीस. तिन्हीसांजेला परत येतेस, तर डबा तसाच भरलेला. मी विचारते, आण्णा जेवले का? तू चुलीपाशी बसतेस, पीठ पुढ्यात ओढतेस आणि म्हणतेस, "भिताडभर लिवलंय गं तितं, पण माझ्यासाठी त्यात काय बी न्हाय." दुसऱ्या दिवशी पाट्या वाचायला मला सोबत नेलंस, एवढंच.

म्हणून हा नकाशा तुला कळेल असा करायचा होता. दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणाले होते, लोकांना कळला तर फाटकाशी लावू. सरांची अट होती, आधी ज्याला वाचता येत नाही अशा माणसापुढे तो ठेवायचा.

पहिला नकाशा मी अगदी जीव ओतून केला. औषधांची दुकानं, चहाचे गाडे, गल्लीबोळांची नावं, झाडंसुद्धा. सॉफ्टवेअरमध्ये होते नव्हते ते सगळे रंग वापरले. अक्कलकोटकडची एक पोरगी डोकावून म्हणाली, "काकू, नकाशा हाय का लग्नपत्रिका?" अख्खा वर्ग हसला, मीही हसले. सरांनी मात्र शांतपणे विचारलं, "काकू, यात आधी कुठे बघायचं?"

आणि मला तुझा आवाज ऐकू आला. मी पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं ताट वाढलं होतं ना, त्या दिवसाचा. गिरणीतला नवा माणूस, खूश व्हावा म्हणून मी सगळं चढवलं. आमटी भाजीत गेली, चटणी भातात. तू ताट माझ्या हातातून काढून घेतलंस. "ताट हाय का घमेलं? हात आधी कुटं घालायचा, कळाया नगो त्याला?" मग दुसरं ताट घेऊन वाढलंस. मीठ वर, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, भाकरी समोर, आणि मधे जागा सोडलीस. मी म्हटलं, हे रिकामं दिसतंय. तर म्हणालीस, "ती मोकळी जागा बी वाढल्यालीच असती."

आई, सरांनी आम्हाला जे शिकवलं ते सगळं या एका वाक्यात होतं, आणि ते तू चुलीपुढे बसून कधीचंच सांगून ठेवलं होतंस. मी थर झाकत गेले. रस्ते फिके केले, दवाखाना गडद. आपण उभे आहोत तिथं लाल ठिपका. केसपेपरच्या खिडकीला कागद, एक्स-रेला हाताची हाडं, बायकांच्या वॉर्डाला खाटेवरची बाई. चिन्हांची सूची डावीकडे, चटणीच्या जागी. नातेवाइकांना जेवण मिळतं तिथं सॉफ्टवेअरमधलंच तयार चिन्ह ठेवलं, काटा आणि चमचा.

तो कागद घेऊन मी फाटकाशी बसले. मंगळवेढ्याकडच्या एक मावशी आल्या. नकाशा बघितला, एका जागी बोट टेकवलं आणि ते कपाळाला लावलं.

"बरं झालं बाई, महादेव बी हाय हितं."

"कुठाय महादेव, मावशी?"

"ह्यो काय! तिरसूळ दिसतंय की."

बघते तर काटा. मी म्हटलं, "अहो, तिथं जेवण मिळतं."

"मंग जेवाण काढा की! तिरसूळ कशाला काढलंय?"

घरी येऊन मी काटा-चमचा पुसला आणि ताट काढलं. गोल ताट, त्यात भाकरी, भाजी, चटणी.

दुसऱ्या खेपेला एक म्हातारी आली. एकटी, हातात कापडात बांधलेला डबा. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लाल ठिपक्यावर बोट ठेवलं, ते रस्त्यावरून हळूहळू सरकवत खाटेपर्यंत नेलं, मान हलवली आणि चालू लागली. मी उठले नाही. ती बरोबर दारातून आत गेली. डबा गरमच पोचला असणार गं.

आता तो नकाशा फाटकाशी लागलाय. लोक थांबतात, बघतात, जातात. मला कुणी काही विचारत नाही, त्याची जरा चुटपुट लागते, पण ते असो.

एक सांगायचं राहिलं. गरज नाही असं नकाशात काही ठेवायचं नाही, असं सर बजावतात. तरी त्या ताटात मी वर एक बारीक पांढरा ठिपका ठेवलाय. मीठ. जवळ जाऊनही दिसत नाही, त्याचा कुणाला उपयोग नाही. सरांना मी ते सांगितलेलं नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला अजून शिकायचंय, म्हणून सध्या ते घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवते. उत्तर मात्र लवकर धाड. लिहिता येत नाही म्हणून सबब सांगू नकोस. चित्र काढून पाठव. तसलं आता मला वाचता येतं.