सासूबाईंच्या बॅगेचं अस्तर

मन्सूरा, रविवार

आई, तुझे हात डोळ्यांना लावून लिहिते.

आम्ही सगळे खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

हजला निघालेल्या सासूबाईंना मी स्वतः बॅग शिवून देणार, हे कळवलंच होतं. वरून जाड कॅनव्हास, आत सहा कप्पे. मशीनच्या तीन सुया मोडल्या, चेन दोनदा उसवून लावली. काल पूर्ण झाली आणि मी मिरवत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आत हात घालून अस्तर चाचपलं.

"वहीबा, हे पांढरं कापड कुठलं गं?"

"तुमच्या पेटीत तळाशी होतं. नवंकोरं."

"या अल्ला! अगं, ते माझं कफन! मक्केला नेऊन झमझम विहिरीच्या पवित्र पाण्यात भिजवून आणणार होते मी!"

आई, ज्याला सुईसुद्धा लावायची नसते, त्याचे मी सहा कप्पे शिवले! एकात तर साबण ठेवला होता.

सासूबाईंनी साबण काढून बाजूला ठेवला. मग चेन ओढत म्हणाल्या, "झालं! आता तिकडे मरायची सोय राहिली नाही. परत यावंच लागणार मला."

एवढं बोलतानाही त्यांना धाप लागली. हे तुला लिहिणार नव्हते.

आई, तुझ्याही पेटीत तसलं कापड असेल, तर लगेच पाठवून दे. तुझीही बॅग शिवते.

तुझीच वेंधळी,
वहीबा