जात्याचा खुंटा

पुणे,
११ नोव्हेंबर २०२५

चि. उत्कर्षास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तू "हो गं आत्या, हो गं" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथंच राहतं, म्हणून कागद घेतला. इकडे सगळं ठीक. आपलं गाव पुणे महापालिकेत गेल्यापासून कचऱ्याची गाडी रोज येते, पाणी मात्र येत नाही.

दिवाळी अंकातली तुझी गोष्ट वाचली. अगं बाई, केवढं लिहितेस! त्यातली विधवा म्हातारी म्हणजे मी, हे माझ्या लेकानं, संपतनंसुद्धा ओळखलं. पण ती शेवटी जातं विहिरीत ढकलते? आपलं जातं नुसतं सरकवताना संपतची कंबर धरली होती. आणि विहीर कुठाय आता? तिथं सोसायटीचं पार्किंग झालंय.

थट्टा राहू दे. जातं म्हणजे बाईचा जन्म भरडणारा दगड, असं तू लिहिलंस. लोकांनी कौतुक केलं, मलाही बरं वाटलं. पण पोरी, जात्याचा मला कधीच राग नव्हता गं. लग्नाआधी पहाटे मी आणि तुझी आजी समोरासमोर बसायचो. एकाच खुंट्याला दोघींचे हात. आईशी मी जे काही बोलले ते तिथंच.

राग आला तो तुझ्या पूर्णिमाताईच्या हळदीला. जात्याला सुपारी बांधली, हळद दळायला सुवासिनी बसल्या. मी पुढे झाले तर तुझी आई म्हणाली, "वन्सं, तुम्ही आत जरा तांदूळ बघता का?" प्रेमानंच म्हणाली. मी आत जाऊन निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसले आणि खूप रडले. तुझ्या बारशाला तुझ्या कानात कुर्र मीच केलं होतं. तेव्हा आमचे हे होते. ते गेले, माझे हात कुठं गेले होते?

हे तुझ्या गोष्टीत नाही, कारण मी कुणाला सांगितलंच नाही.

आता महिन्यावर तुझी हळद आली. तू मागितलंस तसं जातं रविवारी संपत टेम्पोतून कोथरूडला आणून देईल. घासून, धुऊन ठेवलंय. खुंटा मात्र काढून घेतलाय. शोधू नकोस, माझ्या कपाटात आहे. आईशी बोल. बोलावलंत तर हळदीच्या दिवशी मी स्वतः येऊन तो ठोकून बसवीन, आणि त्यावर पहिला हात माझा असेल. नाहीतर मिक्सर आहेच तुमच्याकडे.

खुंटा सांभाळून बसलेली,
तुझी आत्या
चंद्रभागा