निळा फ्यूज

आर्णी,
८ डिसेंबर २०२४

सौ. अर्पितास,
इंदुताईचा आशीर्वाद.

फोन सोडून कागद काहून, असं वाटन तुले. फोनवर तू "हां ताई" म्हणशीन आन् मी मधातच ठेवून देईन, म्हणून.

इकडं बरं आहे. कापसाचा वेचा सुरू आहे, तुरीले शेंगा चांगल्या लागल्या. नानाजी आता अंगणात चकरा मारतेत, मीठ कमी म्हणून माह्यावर चिडतेत. म्हणजे सुधरले समज.

त्या दिवशीचं रजतभाऊजीनं तुले सांगतलंच असन. पण त्याईले जेवढं मी सांगतलं तेवढंच ते सांगतीन.

झरीकडच्या लग्नाहून आम्ही तिघंच परत येत होतो. माही सुरभी गाडी चालवत होती, मागं आपले सासरे, नानाजी. जंगलातल्या रस्त्यावर नानाजी म्हणाले, "इंदू, छातीत दाबून राह्यलं व." मागं पाह्यलं तर सदरा घामानं ओला. सुरभीनं गाडी पांढरकवड्याच्या दवाखान्याकडं दामटली, आन् एका वळणावर गाडी बंदच पडली. चावी फिरवली की खरखर करे, पण इंजिन काही धरे ना. एक मोटरसायकलवाला थांबला, पण अशा माणसाले मोटरसायकलवर कसं बसवावं?

पोरीच्या तोंडून पह्यला शब्द कोणता निघावा? "काकूले फोन लाव." म्हणजे तुले.

मी मोबाईल पाह्यला आन् म्हटलं, रेंज नाही.

मग तिनं बोनट उघडलं. "आई, चावी फिरवली की मागून पेट्रोलच्या पंपाची घूं ऐकू येते. आज आली नाही. फ्यूज गेला असन." फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं, झाकणाच्या आतलं चित्र पाह्यलं, चिमट्यानं एक निळा तुकडा उपसून उन्हात धरला. आतली तार तुटलेली. मी म्हटलं, "चॉकलेटची चांदी गुंडाळ न, तुह्ये बाबा तसंच करतेत."

तर म्हणे, "फ्यूज जळते म्हणून वायर वाचते, आई. चांदी लावली अन् वायर पेटली तर? नानाजी आत बसले हायेत." तिनं एसीचा फ्यूज काढला, तोही निळाच. "पंधरा अँपिअरच्या जागी पंधराचाच लावा लागते," असं बोलतच तो पंपाच्या जागी दाबला. गाडी सुरू झाली.

मी मागं नानाजीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, पदरानं घाम पुसत, त्याईच्या नावानं सगळे देव आठवत.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. दुसऱ्या दिवशी नानाजीनं सुरभीले विचारलं, "हे कोणं शिकवलं व पोरी?" ती म्हणे, "काकूनं." नानाजीच्या डोळ्यात पाणी आलं. "म्हणजे अर्पितानंच वाचवलं मले."

मांडी कोणाची होती, ते कोणीच विचारलं नाही.

तू लग्न होऊन नवी आलती तवा सुरभी लहान होती. तुह्या वडिलांचं पुसदले गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, तुले सगळं येणारच. तुम्ही दोघी गाडीत डोकं घालून बसत होत्या, हसत होत्या. मी चहा घेऊन आली की हसणं थांबे. काय बोलत होत्या म्हटलं, तर "काही नाही, आई." मले जे येते, ते त्या पोरीनं मले कधी मागतलंच नाही, अर्पिता. दिवाळीत मी सगळ्याईसमोर तुले म्हटलं, "माह्या पोरीची माय मी हाओ, तू नाही," ते एका दिवसाचं नव्हतं. आन् तू बॅग भरून दारव्ह्याले घरी निघून गेली, त्याचाही मले रागच आला.

रहमत मिस्त्रीनं नंतर गाडी पाह्यली. पंपाची वायर उंदरानं कुरतडली होती, ती बदलून देल्ली.

आता जे लिहाचं होतं ते.

रेंज होती.

तुह्यं नाव समोर होतं. बोट लावलं नाही. मागं म्हातारा माणूस छाती धरून बसलेला, आन् मले एवढंच वाटलं की आजही हीच नको. पोरीले फ्यूज सापडला नसता तर मी काय केलं असतं, हे मी मलेच विचारून राह्यली.

सुरभीले माहीत आहे. लग्नात मोबाईलचा आवाज बंद केला होता, तो तसाच होता; तिच्या बाबाचा मिस कॉल तिनं दवाखान्यात माह्या मोबाईलवर पाह्यला. "आई, हा तर आपण तिथं उभे होतो तवाचा आहे." बस. भांडली नाही. तवापासून भाजी काय करू, एवढंच विचारते.

तिले नागपूरले नोकरी लागली. पुढच्या सोमवारी, सोळा तारखेले, निघते. तुले बोलावू का, असं तिनं मले विचारलं नाही, माह्या भीतीनं. म्हणून मीच बोलावून राह्यली. रविवारीच ये, मुक्कामाले. ती तुह्याच गळ्यात आधी पडन, मले माहीत आहे. तवा मी स्वयंपाकघरात जाणार नाही, तिथंच उभी राहीन. मन साफ झालं असं समजू नको. झालं नाही.

तरी ये.

तू येशीन म्हणून वाट पाहणारी, आन् नाही आली तर बरं, असंही मनात म्हणणारी,
इंदू