इस्त्रीचा जळका वास

बुधवारा, बुऱ्हाणपूर
ता. ९ ऑक्टोबर १९५७

ती. प्रभाकरदादा यांस लीलाधरचा साष्टांग नमस्कार. इस्त्री सोडून इकडे सर्व क्षेम. आपला दमा कसा आहे?

संस्थाने विलीन झाली, प्रांत जोडले गेले, नागपूरचे म्हणवणारे आम्ही एका रात्रीत भोपाळचे झालो. एवढे सगळे देशात जुळले. पण आपण राखीला बहिणीस दिलेली विजेची इस्त्री आमच्या घराशी काही जुळेना. तापली की जळका वास.

येत्या शुक्रवारी आपल्या भाचीची, शारदेची, नेपानगरच्या शाळेत मुलाखत (नोकरीची, आणि जवळ बरे पातळ एकच). काल तिने ते अंथरले, इस्त्री टेकवली, वास सुटला. मी तत्काळ बटण बंद केले. प्लग हुंगला, वायर हुंगली, भिंतीवरचा बोर्ड हुंगला. आपल्या भगिनी म्हणाल्या, "अहो, वास इस्त्रीला येतोय, भिंत काय हुंगता?" (त्यांना विजेतले कळत नाही.) तोवर पदरावर रुपयाएवढा तपकिरी डाग. शारदेने डाग आत दुमडून पातळ उचलले. ते जास्त लागले.

सुकलाल वायरमनला बोलावले. इस्त्री निवल्यावर त्याने दोन स्क्रू काढले, आत बोट फिरवले आणि ते बोट (राम राम!) चाटले. "मास्तर, वायर एकदम ठीक है. इसमें तो गूळ आहे. भूक लागली होती का हिला?"

खंडेनवमीला विळी-अडकित्त्याबरोबर इस्त्रीचीही पूजा झाली होती. तेव्हा कुणीतरी नैवेद्याचा खडा तिच्या नाकाखालच्या फटीत भरवला. ही रीत आपल्या नागपूरकडचीच असणार. तरी आपली इस्त्री परत न्यावी.

आपला,
लीलाधर

ता. क. डाग गेला. कौतिक परटाने पदर कढत पाण्यात धरला, गूळच तो, सुटला. मग कोळशाच्या इस्त्रीने अशी घडी घातली की शारदा ती मोडायला तयार नाही.

आणखी एक. खडा मीच भरवला होता. आपल्या भगिनींना कळवू नये, आणि इस्त्री परत मागू नये.

शेवटचे. इस्त्री आली त्या दिवशी मी कौतिकला दारातूनच म्हणालो होतो, "आता तुझं काम संपलं." हे त्याच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. चुकलो म्हणालो. त्याने वर पाहिले नाही, एवढेच म्हणाला, "कोट काढा मास्तर, चुरगळला आहे."