माळ जागेवर ठेव

सूनबाई,

डॉक्टरांनी माझ्या सुजलेल्या बोटात सुई घालून पाणी काढलं, तपासलं. गाऊटच निघाला, युरिक ॲसिडने सांधे सुजतात तो. "गाऊट पायाच्या अंगठ्याला होतो, हे माळ ओढून ओढून सुजलंय," असं म्हणत तू माझी जपमाळ कपाटात कोंडलीस. म्हाताऱ्या बायकांना तो हाताच्या बोटांतही होतो म्हणे, आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळीनेही वाढतो. जपाने नाही.

मी औषधं आणायला गेलेय. दिवेलागणीच्या आत माळ देवापुढे हवी. आवाज चढवायची मला सवय नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

आणि हो, रोजची शेवटची माळ मी तुझ्या नावाने ओढायचे. ती आजपासून बंद.

तुझ्या नवऱ्याची आई