बिनकाट्याचा मासा

बर्गन, नॉर्वे

तीर्थरूप बाबा, तुमच्या पाया पडतो.

मी मजेत हाये. लकवा झाल्यापासून फोनवर तुमचा निसता श्वास आयकू येते अन् मले काही सुचत नाई, म्हणून लिहून राह्यलो. धाकली सपना वाचून दाखवन.

आज रूमवर सॅमन नावाचा मासा भाजला. मीठ, तिखट अन् लिंबू लावून जाळीवर ठेवला, झालं जेवण. आपल्या पैनगंगेच्या, कापसाच्या पऱ्हाटीच्या इंगळावर भाजलेल्या माशाची चव नाई, पण पोट भरते.

इथं दुकानातच काटे काढून देतेत. तरी मी घास बोटानं चाचपला. लहानपणी तुमी तसंच चाचपून आमच्या ताटात ठेवत होते ना?

भीमपूरले थंडी पडली काय? माय म्हणे, तुमी मासा पाहून तोंड फिरवता. काऊन बाबा? थोडं खात जा.

तुमचा भारत

ता. क. सपना, हे मोठ्यानं वाचू नको. बाबाले भरवत नको जाऊ. काटे काढून घास त्याइच्या ताटात ठेव अन् तिथून उठून जाय. उजवा हात चालत नाई, अन् डाव्या हातानं खाताना कोणी पाह्यलं तं त्याइले लाज वाटत असन. इथून मले येवढंच सांगता येते.