सुटकेची प्रार्थना

प्रिय ताई,

तू व्रत घेऊन मठात गेलीस, त्याला नऊ वर्षं झाली. बाबा अंथरुणाला खिळले, त्यालाही तेवढीच. तुझ्या मागोमाग मीही येणार होते, पण बाबांना कुणावर टाकणार?

रविवारी फादर घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन आले. मी बाबांची कूस बदलत होते. फादर कौतुकाने म्हणाले, "तुमच्या लेकीला देवाची फार ओढ आहे. भेटली की अनंतकाळच्या जीवनाबद्दलच विचारते."

बाबा अडखळत म्हणाले, "तिला देव नकोय, फादर. तिला या खोलीतून सुटायचंय."

फादर हसले. मला मात्र चोरी पकडली गेल्यासारखं झालं. माझ्या स्वर्गात मोकळे रस्ते असतात, सताड उघडी दारं असतात, पण प्रभूचा चेहरा मला तिथे कधीच दिसलेला नाही.

फादर गेल्यावर बाबांना रडू फुटलं. "पोरी, स्वर्गात तरी माझ्या उशापाशी बसू नकोस," म्हणाले. मी त्यांचे डोळे पुसले.

ताई, देवावर पूर्ण जिवाने प्रेम करायचं म्हणजे या खोलीवरही करायचं का? तू 'हो' म्हणशील, म्हणूनच हे पत्र टपालपेटीत टाकत नाहीये.

तुझी,
धाकटी